पोटरीतल्या गोळ्याला मीठ किती जबाबदार?

वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतात, हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे दिसतात आणि हेल्मेटला दिवा बांधून निघालेले सायकलस्वारही. सायकलवाल्यांपैकी काहींच्या डोळ्यांसमोर बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर, असते: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत. या सगळ्यांना एकच धास्ती असते. दम शाबूत आहे, मन तयार आहे आणि शेवटच्या टप्प्यात पोटरीत किंवा मांडीत असा गोळा येतो की पाय टेकवत नाही. मग आजूबाजूचे सांगू लागतात: मीठ कमी पडलं, पाणी कमी प्यायलास, केळं खा, नस चढली आहे, जोरात चोळ. सल्ला मायेचा असतो, पण बहुतेक वेळा चुकीच्या जागी लागतो आणि खेळाडू पुढच्या शर्यतीतही तीच चूक करतो.

गैरसमज : घामातून मीठ गेलं म्हणून गोळा आला

या समजुतीला मोठा इतिहास आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला खाणकामगार, जहाजांच्या भट्ट्यांवरचे कामगार आणि 1930च्या दशकात अमेरिकेतल्या हूवर धरणावरचे मजूर भयंकर उकाड्यात राबत, घाम गाळत, नुसतं पाणी पीत आणि पेटक्यांनी आडवे होत. मीठ दिल्यावर त्यांना आराम पडे. हे निरीक्षण खरंच होतं. पुढे तेच जसंच्या तसं धावपटूंना लावलं गेलं.

पण जरा विचार करा. रक्तातलं मीठ कमी झालं असेल तर ते सगळ्या शरीरातच कमी होणार. मग धावणाऱ्याच्या पोटरीतच आणि सायकल चालवणाऱ्याच्या मांडीतच गोळा का येतो? हात, खांदे का सुटतात? शिवाय पाय ताणला की काही सेकंदांत गोळा सुटतो. ताणल्याने रक्तात मीठ जात नाही.

संशोधकांनी हे मोजूनही पाहिलं आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला टू ओशन्स ही 56 किलोमीटरची शर्यत होते. तिथे मार्टिन श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी गोळे आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचं रक्त तपासलं. सोडियम, पोटॅशियम किंवा शरीरातल्या पाण्यात गोळ्याचं कारण ठरेल असा फरक सापडला नाही. 2011 साली त्यांच्या गटाने 210 आयर्नमॅन स्पर्धकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गोळ्यांशी जुळलेल्या दोन गोष्टी निघाल्या: पूर्वी गोळे आल्याचा इतिहास आणि जास्त वेगाने केलेली शर्यत.

आज सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण थकव्याचं आहे. स्नायूमध्ये ताण ओळखणारे संवेदक असतात, ते मज्जारज्जूला ‘आकुंचन पाव’ असा संदेश पाठवतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेत दुसरे संवेदक असतात, ते ‘आता सैल सोड’ असं सांगतात. स्नायू अती थकला की पहिल्यांचा आवाज चढतो, दुसऱ्यांचा पडतो आणि चेतापेशी आकुंचनाचे आदेश देतच राहते. ताणल्याने कंडरेवर ओढ येते आणि सैल सोडण्याचा संदेश पुन्हा जातो. गोळा सुटतो तो म्हणून.

याचा अर्थ वर्ध्याच्या उन्हात मीठ-पाण्याची गरज नाही, असा मुळीच नाही. मे महिन्यात पारा 45च्या वर जाणाऱ्या या जिल्ह्यात उष्माघात ही खरी भीती आहे. उकाड्याने थकवाही लवकर येतो. ज्यांच्या बनियनवर घामाचे पांढरे डाग उमटतात आणि ज्यांना चार-पाच तास रस्त्यावर राहायचं आहे, त्यांनी मीठ घ्यावं. फक्त ते गोळ्यावरचं कवच समजून वेग वाढवू नये.

गैरसमज : जितकं पाणी, तितकं चांगलं

हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. 2002च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी निघालं. त्यामागचं मोठं कारण होतं शर्यतीत भरपूर पाणी पिऊन वजन वाढणं. रक्त पातळ झालं की मेंदूला सूज येऊ शकते. तहान लागेल तसं प्या. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच मिसळा, सायकलच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबू नका.

केळ्याबद्दल थोडक्यात. मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, पण घामातून पोटॅशियम फारसं जातच नाही आणि खाल्लेलं रक्तात उतरायला अर्धा-एक तास लागतो. केळं जरूर खा, पण त्यातल्या साखरेसाठी. इंधन संपलं की स्नायू लवकर थकतो. काही जण गोळ्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देतात, तोही काढून टाकावा. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात ओसरतं, गोळे मात्र मध्यरात्री अंथरुणातही येतात.

अमेरिकेतले खेळाडू काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी पितात. 2010 साली यावर प्रयोग झाला. विजेच्या झटक्याने मुद्दाम आणलेला गोळा हे पाणी प्यायल्यावर सुमारे दीड मिनिटात गेला, साध्या पाण्यापेक्षा लवकर. इतक्या वेळात रक्तातले क्षार बदलत नाहीत. घशातल्या चेतांना बसलेला तो झणका असावा, असा निष्कर्ष निघाला. मला हा प्रयोग फार बोलका वाटतो, कारण खारट पाण्यानेच मिठाचा सिद्धान्त ढिला केला.

गैरसमज : सुरुवातीआधी पाय ताणले की काळजी मिटली

गोळा आल्यावर ताणणं हा उत्तम इलाज आहे. आधी ताणल्याने तो टळतो याला भक्कम पुरावा नाही. टाळायचा असेल तर तयारी महिन्यांची लागते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया मॅरेथॉनच्या अभ्यासात गोळे न आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पायांचा ताकदीचा व्यायाम करणारे होते, गोळे आलेल्यांमध्ये जेमतेम पाव. आपल्या तालमीतल्या बैठका इथे कामाला येतात. त्यांच्या जोडीला पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश खाली सोडणं आणि वर उचलणं, आधी दोन्ही पायांनी, मग एकेका पायाने.

सराव शर्यतीसारखाच हवा. वर्ध्याच्या सपाट रस्त्यांवर तयार झालेला धावपटू सातारा हिल हाफ मॅरेथॉनला गेला की चढ-उतारावर पोटऱ्या धरतात, त्यात नवल नाही. अशांनी जिल्ह्याच्या उत्तरेला कारंजा-आष्टीकडचे डोंगराळ रस्ते गाठावेत. पहिल्या निम्म्या अंतरात सरावापेक्षा जास्त वेगाने पळू नये. हा मोह गर्दीत आवरत नाही, आणि माझ्या मते बहुतेक गोळ्यांची सुरुवात तिथेच होते.

एवढं करूनही गोळा आला तर थांबा. पोटरीसाठी गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढा. मांडीच्या पुढच्या बाजूला आला असेल तर टाच ढुंगणाकडे न्या. झटके न देता अर्धा मिनिट धरा, मग थोडं चाला आणि वेग कमी करा. ठोकून, रगडून काढायला जाऊ नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा कोलेस्टेरॉलची औषधं चालू असतील आणि गोळे वारंवार येत असतील, तर डॉक्टरांना सांगा.

आणि काही लक्षणं दिसली तर शर्यत तिथेच सोडायची. गोळे अंगभर पसरले, बोलण्यात असंबद्धता आली, उलट्या थांबेनात, तर पाय चोळत बसू नका, रुग्णालय गाठा. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात उतरत असू शकतात. ‘गोळे येऊ नयेत’ म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत त्याच मूत्रपिंडावर आणखी भार टाकते. ती गोळी घरीच ठेवा.