बावटा कोणी दाखवायचा?

लोंढा जंक्शनात डबे जोडून झाले, इंजिन लागले, तरी गार्डाचा हिरवा बावटा हलल्यावाचून गाडी सुटत नाही. पायथॉन भाषेत लिहिलेल्या सर्व्हरचेही असेच आहे.

शाळेच्या हजेरीसाठी मी असा एक सर्व्हर लिहिला. कोणत्या प्रश्नास काय उत्तर द्यावे हे सारे त्यात होते, आणि ‘सुरू हो’ ही आज्ञा फाईलच्या शेवटी उघडीच ठेवली होती. पुढे वार्षिक अहवालाच्या प्रोग्रामने त्या फाईलीतील बेरजेचे फंक्शन ‘इम्पोर्ट’ केले मात्र, सर्व्हरच सुरू होऊन वाट पाहत बसला. अहवाल तेथेच अडला! कारण इम्पोर्ट करताना पायथॉन ती फाईल वरपासून खालपर्यंत चालविते.

उपाय एका अटीचा. फाईल स्वतः मुख्य म्हणून चालविली, तर तिच्या ‘नेम’ या खुणेत पायथॉन ‘मेन’ हा शब्द घालते. इम्पोर्ट केली, तर फाईलीचे नाव. ‘नेम’ हे ‘मेन’ असेल तरच सर्व्हर सुरू करावा. 2018 सालच्या 3.7 आवृत्तीपासून त्यासाठी ‘असिंकआयओ’चे ‘रन’ उपलब्ध आहे. सर्व्हर थांबेपर्यंत मात्र त्या ओळीखालचे काहीच चालत नाही. तयारीची कामे तिच्या वरच लिहावीत. माझा अहवाल त्याच संध्याकाळी छापून झाला.