उपकरण पासथ्रू आणि इंटरप्टचा दोषशोध

उपकरण पासथ्रू म्हणजे यजमान संगणकात बसवलेले खरे हार्डवेअर उपकरण, उदाहरणार्थ ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क, एकाच व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात देण्याची पद्धत होय. पाहुण्या प्रणालीतील ड्रायव्हर अशा उपकरणाशी जवळजवळ थेट व्यवहार करतो. उपकरण पाहुण्या प्रणालीत दिसते, ड्रायव्हरही बसतो, परंतु काम पुढे सरकत नाही, ही या पद्धतीतील नेहमीची तक्रार आहे. तिचे मूळ पुष्कळदा इंटरप्टच्या मार्गात सापडते. प्रस्तुत लेखातील विवेचन एक्स८६ प्रोसेसरावरील लिनक्स, केव्हीएम, व्हीएफआयओ आणि क्यूएमू यांच्या आधारे केले आहे.

पार्श्वभूमी

केव्हीएमचा समावेश लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत २००७ साली झाला, तर व्हीएफआयओ ३.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून उपलब्ध आहे.

उपकरण आणि उर्वरित संगणक यांच्यात तीन प्रकारची देवघेव चालते. प्रोसेसर उपकरणाची रजिस्टरे वाचतो व लिहितो. उपकरण स्वतःहून मेमरीत वाचन-लेखन करते, त्यास डीएमए म्हणतात. आणि काम झाल्याची वर्दी उपकरण इंटरप्टद्वारे प्रोसेसरला देते. यांपैकी पहिली देवघेव पेज टेबलांच्या साहाय्याने आणि दुसरी आयओएमएमयूच्या साहाय्याने पाहुण्या प्रणालीकडे सोपवता येते. एकदा तक्ते भरले की यजमानाला मध्ये पडावे लागत नाही. इंटरप्टचे तसे नाही. तो प्रत्यक्ष प्रोसेसरावर येऊन आदळतो आणि त्या क्षणी त्या प्रोसेसरावर कोणता प्रोग्राम चालू असेल याचा नेम नसतो. म्हणून तो आधी यजमानाने स्वीकारायचा व नंतर पाहुण्या प्रणालीला पोचवायचा, अशी दुहेरी व्यवस्था करावी लागते.

इंटरप्टचा मार्ग

व्हीएफआयओने नोंदवलेला हँडलर इंटरप्ट घेतो व इव्हेंटएफडी नावाच्या कर्नलमधील खुणेला सूचित करतो. ती खूण केव्हीएमच्या आयआरक्यूएफडीशी जोडलेली असते. केव्हीएम मग पाहुण्या प्रणालीच्या आभासी प्रोसेसरात इंटरप्ट घालतो.

जुन्या पद्धतीच्या आयएनटीएक्स इंटरप्टमध्ये ही साखळी नाजूक असते. आयएनटीएक्सची तार पातळीवर चालते: उपकरणाला ड्रायव्हरने शांत करेपर्यंत संकेत टिकून राहतो. ड्रायव्हर मात्र पाहुण्या प्रणालीत आहे, आणि उपकरण शांत कसे करायचे हे यजमानाला माहीत नसते. त्यामुळे व्हीएफआयओ प्रथम ती तार बंद करतो, वर्दी पुढे पाठवतो आणि पाहुण्या प्रणालीने इंटरप्ट संपल्याची पोच दिल्यावरच तार पुन्हा उघडतो. ही पोच मध्येच हरवली तर तार कायमची बंद राहते व उपकरण गोठल्यासारखे दिसते.

एक तार अनेक उपकरणांत वाटली गेल्यास गुंता वाढतो. पीसीआय २.३ पासून उपकरणाच्या कमांड रजिस्टरात आयएनटीएक्स बंद करणारा बिट असतो. तो नीट चालत नसेल तर संपूर्ण तारच बंद करावी लागते, म्हणून व्हीएफआयओ अशा उपकरणासाठी स्वतंत्र तारेचा आग्रह धरतो. एखाद्या तारेवरील १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कोणीच हाताळले नाहीत, तर लिनक्स ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश नोंदवून ती तार बंद करतो. त्या तारेवरील निरपराध शेजारी उपकरणही त्यात अडकते.

एमएसआय आणि एमएसआय-एक्स यांत वेगळी तार नसते. ठरावीक पत्त्यावर केलेले मेमरी-लेखन हाच इंटरप्ट. एमएसआयमध्ये जास्तीत जास्त ३२, तर एमएसआय-एक्समध्ये २,०४८ स्वतंत्र इंटरप्ट मिळतात. पाहुणी प्रणाली आपल्या समजुतीनुसार जो पत्ता व मजकूर लिहिते, तो क्यूएमू अडवून ठेवतो. प्रत्यक्ष उपकरणात यजमानाने ठरवलेली मूल्ये जातात. म्हणून दोन्हीकडची मूल्ये वेगळी दिसणे हा दोष नव्हे.

इंटरप्ट हे साधे मेमरी-लेखन असल्याने सुरक्षेचाही प्रश्न उद्भवतो. पाहुणी प्रणाली उपकरणाकडून डीएमएद्वारे हवे ते लेखन करवून यजमानावर बनावट इंटरप्ट सोडू शकते, हे राफाल वोइत्चुक व जोआना रुत्कोव्स्का यांनी २०११ मध्ये इंटेल व्हीटी-डीसंदर्भात दाखवून दिले. त्यावरील उपाय म्हणजे इंटरप्ट रीमॅपिंग. ही सोय नसलेल्या यंत्रावर व्हीएफआयओ मुळात पासथ्रू नाकारतो. ‘अलाउ अनसेफ इंटरप्ट्स’ हा पर्याय चालू करून तो नकार टाळता येतो खरा, पण पाहुण्या प्रणालीवर पूर्ण विश्वास असल्याखेरीज तसे करणे शहाणपणाचे नाही.

दोषशोध

इंटरप्ट कोठे हरवतो हे शोधण्यासाठी यजमान आणि पाहुणी लिनक्स प्रणाली या दोन्हींतील ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ ही फाइल काही सेकंदांच्या अंतराने वाचावी. यजमानात संबंधित ओळींच्या नावाची सुरुवात ‘व्हीएफआयओ’ अशी असते. या दोन आकड्यांच्या तुलनेने शोधाचे क्षेत्र बरेच आटोक्यात येते.

यजमानातील आकडा शून्यावरच असेल तर इंटरप्ट निघाला नाही किंवा वाटेत अडवला गेला. एमएसआय हे लेखन असल्यामुळे उपकरणाचा बस मास्टर बिट बंद असल्यास ते बाहेर पडूच शकत नाही. ही बाब सहज नजरेतून सुटते. एमएसआय-एक्सचा मास्क बिटही तपासावा. इंटेल यंत्रावर रीमॅपिंगने नाकारलेल्या इंटरप्टची नोंद कर्नल लॉगमध्ये ‘डीएमएआर’ या शब्दाने मिळते.

यजमानात आकडा वाढतो आणि पाहुण्या प्रणालीत वाढत नाही, तेव्हा दोष पोचवणीत असतो. क्यूएमूमधील ‘एक्स-नो-केव्हीएम-आयएनटीएक्स’ व ‘एक्स-नो-केव्हीएम-एमएसआय’ हे पर्याय येथे उपयोगी पडतात. ते आयआरक्यूएफडीचा जवळचा रस्ता सोडून इंटरप्ट क्यूएमूमार्फत फिरवतात. गती घटते, पण त्यामुळे उपकरण चालू लागले तर संशय जवळच्या रस्त्यावर केंद्रित होतो.

दोन्ही आकडे थोडे वाढून थांबतात, ही सर्वांत फसवी अवस्था. एनव्हीडियाची ग्राफिक्स कार्डे हे याबाबतीत बोलके उदाहरण आहे. त्यांचा ड्रायव्हर एमएसआयची पोच देण्यासाठी एमएसआयच्या ओळख-रजिस्टरात सर्व बिट १ असलेला बाइट लिहितो. हे रजिस्टर केवळ वाचनासाठी असते, त्यामुळे नियमाप्रमाणे वागणारा मध्यस्थ ते लेखन निरर्थक मानून टाकून देईल आणि कार्ड पोचेची वाट पाहत राहील. म्हणून क्यूएमूमध्ये या कार्डांसाठी खास अपवाद करून ते लेखन खऱ्या हार्डवेअरपर्यंत जाऊ दिले आहे. पासथ्रूमध्ये ‘थेट’ हा शब्द किती सैलपणे वापरला जातो, हे यावरून ध्यानात येते.

ग्राफिक्स कार्डावरील ध्वनी उपकरण विंडोजमध्ये आयएनटीएक्स वापरत असेल, तर आवाज तुटक येण्याचा प्रकार घडतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत त्या उपकरणासाठी एमएसआय चालू केल्यास तो बहुधा थांबतो.

कार्यक्षमता आणि पोस्टेड इंटरप्ट

पाहुणी प्रणाली चालू असताना इंटरप्ट आला की प्रोसेसराला यजमानाकडे परतावे लागते, आणि अशा फेऱ्या महाग पडतात. २०१२ मध्ये सादर झालेल्या ‘ईएलआय’ या संशोधनात त्या टाळल्यावर व्हर्च्युअल मशीनची कार्यक्षमता प्रत्यक्ष यंत्राच्या ९७ ते १०० टक्क्यांपर्यंत पोचल्याचे दिसले. पुढे इंटेलच्या पोस्टेड इंटरप्ट आणि एएमडीच्या एव्हीआयसी या सोयींनी हे काम हार्डवेअरकडेच सोपवले. आयओएमएमयू आता इंटरप्टची नोंद मेमरीतील एका रचनेत करते व चालू असलेला आभासी प्रोसेसर यजमानाकडे न परतता ती उचलतो.

दोषशोधाच्या दृष्टीने याचा एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो. पोस्टेड इंटरप्ट चालू असताना यजमानातील व्हीएफआयओचा हँडलर चालतच नाही, त्यामुळे उपकरण व्यवस्थित काम करीत असूनही यजमानाचा आकडा स्थिर राहतो. अशा यंत्रावर केवळ पाहुण्या प्रणालीतील आकडा प्रमाण मानावा, किंवा तपासणीपुरती ही सोय केव्हीएम-इंटेल मॉड्यूलच्या पर्यायांतून बंद करून मोजणी नव्याने घ्यावी.