टाळ्या वाजल्या, पुढं काय?



गावात कुणी चांगलं काम केलं की आपण काय करतो? शाल, श्रीफळ, हार आणि एक फोटो. बाई असेल तर ओटी भरतो. कोरोनाच्या साथीत असाच सत्कार अख्ख्या देशानं एका वेळी केला. २२ मार्च २०२० चा रविवार तुम्हाला आठवत असेल. दिवसभर जनता कर्फ्यू होता आणि संध्याकाळी पाच वाजता लोकांनी दारात, गच्चीवर, ओट्यावर उभं राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. डॉक्टर, नर्स, आशाताई, सफाई कामगार, पोलीस अशा सगळ्यांचे आभार मानायचे म्हणून पंतप्रधानांनी तसं आवाहन केलं होतं.

असे सत्कार का होतात, त्यानं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे या लेखात समजून घेऊ. कारण ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, त्यातल्या कितीतरी जणी आपल्याच गटाच्या सदस्य आहेत.

ही पद्धत कुठून आली?

सुरुवात युरोपात झाली. मार्च २०२० मध्ये इटली आणि स्पेन या देशांत साथीनं कहर केला होता. घरात अडकलेले लोक बाल्कनीत येऊन दवाखान्यातल्या माणसांसाठी टाळ्या वाजवू लागले. स्पेनमध्ये तर रोज रात्री आठची वेळच ठरून गेली. लंडनमध्ये राहणाऱ्या ॲनेमारी प्लास या बाईंनी ते पाहून तिथल्या लोकांना आवाहन केलं. २६ मार्चपासून २८ मेपर्यंत, दहा आठवडे, दर गुरुवारी रात्री आठला तिथं टाळ्या वाजत होत्या.

आपल्याकडं टाळ्या-थाळ्यांनंतर ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावले गेले. ३ मे रोजी सैन्यदलाच्या हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं टाकली गेली.

थाळीचा गैरसमज

जोंधळ्यावर पाखरं बसली की आपण डबा बडवतो, आणि पाखरं उडतात. पण रोगाचे विषाणू म्हणजे पाखरं नव्हेत. थाळीच्या आवाजानं कोरोना मरतो, असे संदेश त्या दिवशी मोबाईलवर फिरले. ते खोटे होते आणि सरकारलाही तसं सांगावं लागलं. काही ठिकाणी तर लोक घोळक्यानं रस्त्यावर उतरून थाळ्या वाजवत फिरले. एकमेकांपासून लांब राहायचं म्हणून कर्फ्यू, आणि त्याच दिवशी गर्दी! आभार मानताना ज्यांचे आभार मानतोय त्यांचंच काम वाढलं, तर तो सत्कार कसला?

मग टाळी वाजवणं चुकीचं होतं का?

नाही, ताई. घरात कोंडून घेतलेल्या माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. सगळ्यांनी एका वेळी आवाज केला की धीर येतो, आपण एकटे नाही असं वाटतं. आणि जी बाई रोज वही घेऊन दारोदार फिरते, तिची दखल गावानं घेतली, हेही मोठंच आहे. एरवी सफाई कामगाराकडं कोण वळून बघतं? त्या दिवसांत लोकांनी निदान बघितलं तरी.

पण त्याच आठवड्यात दुसरंही घडत होतं. दिल्लीत डॉक्टर आणि नर्स यांना घरमालक खोली खाली करायला सांगत होते, आणि तिथल्या निवासी डॉक्टरांना सरकारकडं तक्रार करावी लागली. गावोगाव मुंबई-पुण्याहून आलेल्यांची नोंद करायला गेलेल्या आशाताईंना शिव्या खाव्या लागल्या, काहींना मारहाणही झाली. हल्ले इतके वाढले की २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारनं १८९७ च्या साथरोग कायद्यात बदल करणारा अध्यादेश काढला. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर ३ महिने ते ५ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. इजा गंभीर असेल तर कैद ७ वर्षांपर्यंत आणि दंड ५ लाखांपर्यंत. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीलाही हे संरक्षण मिळालं.

म्हणजे बघा, पाच वाजता टाळी वाजवणारे हात आणि सहा वाजता दार लावून घेणारे हात कधी कधी एकच होते.

“योद्धा” म्हटलं की काय होतं?

तेव्हा सगळीकडं “कोरोना योद्धा” हा शब्द होता. मान देणाराच शब्द आहे. पण नीट विचार करा. योद्ध्यानं त्याग करायचा असतो, तक्रार करायची नसते. कामगाराचं तसं नाही. कामगाराला मजुरी लागते, हातमोजे लागतात, सुट्टी लागते, आणि ते मागायचा हक्क असतो. आपण तिला योद्धा म्हणालो आणि तिच्या मजुरीचं विचारायचं विसरलो, तर तो शब्द तिच्या कामाचा नाही.

आशाताईंचंच उदाहरण घ्या. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून आशा ही योजना आहे. कागदावर आशाताई कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला ठरलेला पगार नाही. बाळंतपणाला सोबत गेली, लसीकरण झालं, सर्वेक्षण केलं, अशा कामागणिक मोबदला. पगारी रजा नाही. कोरोनात मात्र घर न घर तिनंच पालथं घातलं. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राज्यात “माझे कुटुंब, माझी जबाबदारी” मोहीम निघाली. तेव्हाही दारात ताप आणि ऑक्सिजन मोजायला आली ती बहुतेक ठिकाणी आशाताईच.

टाळीनंतर काय मिळालं?

काही गोष्टी मिळाल्या, त्या मान्य करू. मार्च २०२० मध्येच केंद्रानं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचं विमा संरक्षण जाहीर केलं, त्यात आशाताईही होत्या. पण विमा मिळणार तो माणूस गेल्यावर. जिवंतपणी चूल पेटायची तर महिन्याचे पैसे हवेत. महाराष्ट्रात जुलै २०२० पासून आशाताईंचा मोबदला २ हजारांनी वाढला. त्यानंतर जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला. तेव्हा दरमहा हजाराची वाढ आणि पाचशे रुपये कोरोना भत्ता कबूल झाला. पुन्हा संप झाला, मुंबईच्या आझाद मैदानावर त्या बसून राहिल्या, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ५ हजार रुपयांची वाढ मंजूर केली. मधे २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशाताईंना पुरस्कारही दिला. पुरस्कार आला तरी मैदानात बसणं चुकलं नाही.

असं फक्त आपल्याकडंच झालं असंही नाही. ज्या इंग्लंडमध्ये दहा आठवडे टाळ्या वाजल्या, तिथं पुढच्याच वर्षी नर्सना एक टक्का पगारवाढीचा प्रस्ताव आला. लोक चिडले, मग तो आकडा तीन टक्के झाला. १५ डिसेंबर २०२२ रोजी तिथल्या नर्स पगारासाठी संपावर गेल्या.

आपल्याला गटाची वही लिहायची सवय आहे. नुसतं “जमा होणार” असं लिहून चालत नाही, रक्कम यावी लागते. आभाराचंही तसंच आहे.

आपला गट काय करू शकतो?

मोबदला वाढवणं आपल्या हातात नाही. पण बरंच काही आहे.

१. आधी तिला विचारा. आशाताई, अंगणवाडीताई, सफाई करणारी बाई, यांना काय अडतं ते आपण ठरवू नका. कुणाला गमबूट हवेत, तर कुणाला बाळंतिणीसोबत रात्री दवाखान्यात गेल्यावर बसायला जागा आणि संडास हवा असेल.

२. मोबदला किती महिने थकलाय ते विचारा आणि ग्रामसभेत तो विषय मांडा. महिला सभेत ठराव करून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून नोंद करून घ्या. ती एकटी बोलली तर तिच्यावर राग निघतो. वीस बायका बोलल्या तर नोंद होते.

३. पैसे थकले असतील तर तिच्या कर्जाच्या हप्त्याला गटानं मुदत द्यावी. बैठकीत ठरवून, वहीत लिहून. गटाचा हिशेबही नीट राहतो आणि तिला दंडही बसत नाही.

४. सर्वेक्षणात तिला कुणी उलट बोललं तर गप्प बसू नका. दोघीतिघींनी तिच्यासोबत त्या दारात उभं राहा.

५. साथीच्या वेळी आपल्या बचत गटांनी मास्क शिवले. तशी वेळ पुन्हा आली तर पहिला वाटा सफाई कामगारांना आणि आशाताईंना द्यायचा, हे आत्ताच ठरवून ठेवा.

६. सत्कार जरूर करा. पण शालीऐवजी पावसाळ्यात फिरायला रेनकोट, चांगली टॉर्च, टिकाऊ चपला दिल्या तर? नारळ त्याच्यासोबत असू द्या.

पुढच्या बैठकीत बोलायचे प्रश्न

– आपल्या गावात साथीत कोण कोण काम करत होतं? नावं घेऊन यादी करा. पाणी सोडणारा, स्मशानातलं काम करणारा, रेशन वाटणारा यांना विसरू नका.
– यातल्या कुणाचा आजवर एकदाही सत्कार झाला नाही?
– आपल्या गटात यांपैकी कुणी आहे का? तिचे किती पैसे थकलेत?
– या महिन्यात यातलं कोणतं एक काम आपण करणार, कोण करणार आणि कधीपर्यंत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठराव म्हणून वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.