भांडी वाजली की पडली?

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात होत आलेले. हिंगोली-नांदेड-परभणी पट्ट्यात मांडणीतल्या ताटल्या एकाएकी खणखणल्या, पत्रे थरथरले आणि माणसं हातातला चहा तसाच घेऊन अंगणात आली. मग फोनाफोनी : ‘तुमच्याकडं जाणवलं का?’ थोड्या वेळात टीव्हीवर पट्टी फिरू लागली, ‘४.५ रिश्टर स्केलचा भूकंप’. आकडा कळला की जरा हायसं वाटतं, का कोण जाणे. पण हे साडेचार नेमकं कशाचं माप?

गुडघ्यावर ऊस मोडून पाहा. आधी तो नुसता वाकतो, मग कडकन तुटतो आणि झटका हाताला बसतो. भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला जाऊन अडतो. तो दाब दख्खनच्या कातळातही साठत राहतो. जुन्या भेगेपाशी खडकाला तो सोसवेनासा झाला की भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून घसरतात. हातात जाणवतो तो झटका म्हणजे भूकंपाच्या लाटा.

पहिली लाट आवाजासारखी, दाबत-ढकलत येते, सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगानं. जमिनीतून ती हवेत शिरली की गुरगुर ऐकू येते. मराठवाड्यातल्या बातम्यांतले ‘भूगर्भातील गूढ आवाज’ बहुतेकदा हेच असतात. त्यात गूढ फारसं काही नाही. दुसरी लाट साडेतीन किलोमीटरच्या वेगानं मागून येते, जमीन आडवी हलवते आणि भिंती पाडते. या दोघींच्या मधल्या दर सेकंदाला भूकंप साधारण आठ किलोमीटर दूर. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजतात तसंच हे. तीन ठिकाणच्या भूकंपमापकांवरून असं अंतर काढलं की भूकंपाची जागा सापडते.

‘रिश्टर स्केल यंत्रावर नोंद झाली’ असं वाक्य मी दर वेळी वाचतो आणि दर वेळी चडफडतो. रिश्टर हे यंत्र नाही, गणित आहे. कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स रिश्टर यांनी ते १९३५ मध्ये मांडलं. भूकंपापासून शंभर किलोमीटरवर ठरावीक बनावटीच्या यंत्राची रेघ एक मिलिमीटर हलली तर ३, दहा मिलिमीटर हलली तर ४. एक अंक वाढला की हेलकावा दहापट, ऊर्जा सुमारे ३२ पट. मोठ्या भूकंपांना मात्र हे माप अपुरं पडू लागलं. म्हणून १९७९ पासून भेग किती लांब-रुंद फाटली, किती सरकली आणि खडक किती ताठ होता, यावरून आकडा काढण्याची पद्धत आली. आज मोठ्या भूकंपाच्या बातमीत येतो तो बहुधा हाच आकडा; रिश्टरचं नाव तेवढं चिकटून राहिलं आहे.

आता ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२चा भूकंप झाला. हिंगोलीपेक्षा पावणेदोन अंकांनीही जास्त नाही. ऊर्जा मात्र साडेतीनशे पट. त्यातून केंद्र उथळ आणि गावांच्या जवळ. पण जीव घेतले ते घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये सिमेंटऐवजी माती, वर माळवद : लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. लातूर-धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) उन्हाळ्यात या घरासारखं गारव्याचं घर नाही. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची, छत जड होत जायचं. त्या पहाटे भिंतीचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. हजारो माणसं गेली.

६.२ हा एकच आकडा किल्लारीलाही लागू आणि पार पुण्या-मुंबईलाही, जिथं झोपेत काहींना नुसता पलंग हलल्यासारखा वाटला. ढोल किती जोरात वाजला हे तो आकडा सांगतो. तुमच्या खोलीत किती दणका बसला हे नाही. त्यासाठी मर्काली यांच्या नावाचं वेगळं, बारा पायऱ्यांचं माप आहे. त्याला यंत्र लागत नाही. ते माणसांना विचारावं लागतं.

भूकंपानंतर अभ्यासक गावात येऊन विचारतात ते प्रश्न म्हणूनच घरगुती वाटतात. झोपलेले जागे झाले का? टांगलेला कंदील हलला का? गिलाव्याला तडे गेले, की भिंतच फुगली? ताटल्या नुसत्या वाजल्या असतील तर चौथी पायरी. काही भांडी पडून फुटली तर पाचवी. आणि उत्तर देणारी बाई हमखास आधी मांडणीकडे वळून बघते.