टक्के बघण्याआधी वर्ग बघा

मे महिन्यात दहावीचे निकाल लागले की गुढियारीतल्या मराठी घरांत नागपूर-अमरावतीकडून फोन येतातच. "तुमच्याकडे फक्त शहात्तर टक्के? आमच्याकडे तर नव्वदच्या वर!" आत्याचा सूर काळजीचा असतो, पण ऐकणाऱ्या आईच्या मनात किडा वळवळायला लागतो. आपण पोरीला इथल्या शाळेत घालून चूक तर करत नाही ना?

आधी आत्याचं उत्तर देऊन टाकू. 2025 मध्ये छत्तीसगड मंडळाचा दहावीचा निकाल 76.53 टक्के लागला, महाराष्ट्राचा 94.10 टक्के. पण दोन्हीकडचे पेपर वेगळे, अंतर्गत गुणांची पद्धत वेगळी, पास होण्याची रेषाही वेगळी : तिकडे 35, इकडे 33. अहो, एकट्या महाराष्ट्रातच त्या वर्षी कोकण विभाग 98.82 वर होता आणि नागपूर 90.78 वर. म्हणून काय नागपूरची मुलं कोकणातल्या मुलांपेक्षा मठ्ठ ठरतात? दोन मंडळांची तुलना मुलीच्या शाळेबद्दल काहीच सांगत नाही. आत्याला प्रेमाने एवढं सांगा आणि विषय बदला.

खरा प्रश्न घराजवळचा आहे. मुलगी आठवी पास झाली. दहा मिनिटांच्या अंतरावर छोटं सरकारी हायस्कूल आहे, आणि रूळ ओलांडून शहरात गेलं की मोठ्या फीची खासगी शाळा. शेजारी सांगतात, "सरकारीचा निकाल कमी लागतो हो." हा 'कमी' कसा वाचायचा, ते बघू.

छोट्या शाळेत दहावीला समजा 28 मुलं बसली आणि 22 पास झाली. निकाल 78.6 टक्के. पुढच्या वर्षी दोघं जण कमी पास झाले, एकाला परीक्षेच्या आधी कावीळ झाली, दुसऱ्याचं घर गावाकडे परत गेलं, की निकाल थेट 71.4 वर. लोक म्हणणार, शाळा घसरली. तेच गुरुजी, तीच पुस्तकं, घसरलं काय? दोनशे मुलांच्या शाळेत दोन मुलांनी फरक पडला असता तो एकाच टक्क्याचा. म्हणून छोट्या शाळेचा एका वर्षाचा आकडा मुळीच धरू नका. निदान तीन-चार वर्षांचे मागा, आणि टक्क्यांत नाही, डोक्यांत मागा : किती बसले, किती पास झाले.

आता वर्गात कोण बसलंय ते. 2025 मध्ये छत्तीसगडात दहावीच्या 80.70 टक्के मुली पास झाल्या आणि 71.39 टक्के मुलगे. आदल्या वर्षीही असंच, मुली 79.35 आणि मुलगे 71.12. आता आपल्या 28 जणांच्या वर्गात 20 मुली आणि 8 मुलगे असतील, तर राज्याच्या सरासरीने निकाल येतो 78 टक्क्यांच्या आसपास. उलट 8 मुली आणि 20 मुलगे असले तर 74. शिक्षकांनी काही वेगळं केलेलं नाही, तरी चार टक्के हलले. (मुलग्याला फीच्या इंग्रजी शाळेत आणि मुलीला सरकारी शाळेत घालणारी घरं आपल्या ओळखीत किती आहेत, ते मनातल्या मनात मोजा. देशभर हेच चित्र आहे, आणि त्याचा राग यायला हवा तेवढा आपल्याला येत नाही.)

गुढियारीची वस्ती तर आणखी सरमिसळ. थोक बाजारात पोती उचलणारे, दुकानांतले मुनीम, रेल्वेत काम करणारे, घरकामाला जाणाऱ्या बाया. घरी कुणी छत्तीसगढी बोलतं, कुणी ओडिया, कुणी मराठी. शाळेत मात्र हिंदी. आपल्या मुलांची लिपी तीच असते, म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण आपल्याकडे 'माझा आवाज' आणि हिंदीत 'मेरी आवाज'. असल्या चुकांनी भाषेच्या पेपरात गुण जातात आणि गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. ज्या मुलाच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीला बसतंय, त्याचे 55 टक्के आणि दोन शिकवण्या लावलेल्या मुलाचे 75, यांतलं शाळेचं काम कुठे जास्त झालं? मला विचाराल तर पहिल्यात.

हे सगळं कळायला शाळेच्या ओळखीची गरज नाही. प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो, छत्तीसगडातल्या शाळांचा 22 ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या सरकारी संकेतस्थळावर शाळा शोधली की तिचं पत्रक मोबाइलवर उघडतं : इयत्तेनुसार मुलं-मुली, प्रवर्गानुसार संख्या, शिक्षक किती, मुलींचं स्वच्छतागृह आहे की नाही. त्यात माझं बोट नववी आणि दहावीच्या रकान्यांवर थांबतं. आदल्या वर्षी नववीत 60 आणि यंदा दहावीत 40 असतील, तर ती 20 मुलं गेली कुठे? नापास झाली, बाजारात कामाला लागली, की निकाल चांगला दिसावा म्हणून कच्ची मुलं नववीतच थांबवली? शंभर टक्के निकालाच्या फलकाखाली उभं राहून हा प्रश्न जरूर विचारा, खासगी शाळेतसुद्धा.

पत्रकात न मिळणाऱ्या गोष्टी प्राचार्यांना विचाराव्या लागतात. गणित आणि विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की अतिथी? वर्षाच्या मध्यात ते बदलले का? राहिलेल्या मुलांची दुसऱ्या मुख्य परीक्षेची तयारी शाळेत कुणी करून घेतं का? 2024 पासून छत्तीसगड मंडळ ही दुसरी संधी देतं, पण तिची तयारी उन्हाळ्याच्या सुट्टीत करावी लागते आणि तेव्हा शाळा बंद असते. आणि शाळा प्रबंधन आणि विकास समितीत पालक म्हणून कोण आहे, हेही विचारा. बरेचदा उत्तर द्यायला सगळे थोडे घुटमळतात. जागा रिकामी असेल तर आपलं नाव सुचवा.

नवं सत्र 16 जूनच्या सुमारास सुरू होतं. पहिल्या दिवशी गर्दी असते, कुणी नीट बोलत नाही. आठवडाभर थांबून, दुपारच्या सुट्टीच्या थोडं आधी जा, मुलीला सोबत घेऊन. तुम्ही कार्यालयात बसा आणि तिला दहावीच्या वर्गातल्या ताईंशी बोलू द्या. घरी येताना तिला आधी विचारा, मग तुमचे आकडे काढा.