मथुशलह जलप्रलयातून वाचला का?

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात मथुशलहचं आयुष्य ९६९ वर्षांचं सांगितलं आहे. इतकं कुणी जगू शकतं का, हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवू आणि नुसती बेरीज करून पाहू. आदामाच्या १३० व्या वर्षी शेथ झाला, शेथच्या १०५ व्या वर्षी अनोश, अनोशच्या ९० व्या वर्षी केनान. मुलगा झाला तेव्हाचं बापाचं वय असं एकापुढे एक मिळवत गेलं की मथुशलहचा जन्म सृष्टीच्या ६८७ व्या वर्षी येतो. त्यात त्याची ९६९ वर्षं घातली की १६५६. आता जलप्रलय कधीचा? नोहाच्या वयाच्या ६०० व्या वर्षीचा. त्याची बेरीज केली तरी १६५६ च येते. जगातला सगळ्यात दीर्घायुषी माणूस नेमका प्रलयाच्याच वर्षी गेला. ग्रंथात हे कुठेही शब्दांत सांगितलेलं नाही. ते आकड्यांच्या पोटात आहे.

हा झाला हिब्रू ग्रंथाचा हिशेब. हाच अध्याय सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ज्याची सुरुवात झाली त्या ग्रीक भाषांतरात, उघडून पाहा. त्याच्या बऱ्याच हस्तलिखितांत मथुशलहचा जन्म १२८७ सालचा, प्रलय २२४२ सालचा आणि मथुशलहचा मृत्यू २२५६ सालचा निघतो. म्हणजे प्रलयानंतरही तो १४ वर्षं जिवंत होता! तारवात तर आठच माणसं होती: नोहा, त्याची बायको, तीन मुलगे आणि तीन सुना. मथुशलह त्यांत नव्हता. मग ही १४ वर्षं त्याने कुठे काढली? संत ऑगस्टीनच्या काळी हा वादाचा मोठा विषय होता. आपल्या ‘ईश्वराचं नगर’ या ग्रंथाच्या पंधराव्या खंडात त्याने त्यावर पानंच्या पानं खर्च केली आणि निर्वाळा दिला, की आकडे जुळत नसतील तेव्हा मूळ भाषेतल्या ग्रंथावर भरवसा ठेवावा.

तिसरा पाठ शोमरोनी लोकांचा. गरिज्जीम डोंगराला पवित्र मानणारा हा समाज आज हजारभर माणसांचाही नाही, पण तोरा, म्हणजे पहिली पाच पुस्तकं, त्यांनी स्वतःच्या वेगळ्या पाठात जपली आहेत. १६१६ मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने दमास्कसमध्ये या पाठाची प्रत विकत घेतली आणि युरोपातल्या अभ्यासकांना तो प्रथमच वाचायला मिळाला. (हाच देल्ला व्हाल्ले पुढे १६२३ मध्ये गोव्यात उतरला.) शोमरोनी पाठात प्रलय १३०७ सालीच येतो. आणि त्यात मथुशलह एकटाच नाही. यारेद, मथुशलह आणि लामेख, तिघांचंही मृत्यूचं साल १३०७ च निघतं.

आदामापासून प्रलयापर्यंत हिब्रूत १६५६, शोमरोनीत १३०७ आणि ग्रीकमध्ये २२४२ वर्षं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत ९३५ वर्षांचं अंतर. नकलाकाराची डुलकी म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण हे आकडे ग्रंथात अंकांनी नव्हे, पूर्ण शब्दांत लिहिलेले आहेत. शिवाय फरकाला शिस्त आहे. हिब्रूत आदामाला १३० व्या वर्षी मुलगा होतो आणि तो पुढे ८०० वर्षं जगतो. ग्रीकमध्ये मुलगा २३० व्या वर्षी होतो आणि पुढची वर्षं ७००. एकूण आयुष्य दोन्हीकडे ९३०. शेथची तीच तऱ्हा, अनोशची तीच, केनानची तीच. कुणीतरी प्रत्येकाच्या आयुष्यातली शंभर वर्षं उत्तरार्धातून उचलून पूर्वार्धात टाकली आहेत, आणि एकूण बेरीज बिघडू नये याची दर वेळी काळजी घेतली आहे.

असं का केलं असावं? बर्कलेचे अभ्यासक रोनाल्ड हेंडेल यांनी दिलेलं उत्तर मला सगळ्यांत पटतं. त्यांच्या मते मुलगा झाला तेव्हाची मूळ वयं शोमरोनी पाठाच्या जवळची असावीत आणि एकूण आयुष्यं हिब्रूसारखी लांब. हे दोन्ही एकत्र मांडून पाहा. यारेद ४६० साली जन्मला आणि ९६२ वर्षं जगला, म्हणजे तो १४२२ साली गेला. मथुशलह ५८७ साली जन्मला आणि १५५६ साली गेला. प्रलय १३०७ चा धरला, तर एक त्यानंतर ११५ वर्षं जगला आणि दुसरा २४९ वर्षं! जग बुडालं आणि असे म्हातारे मात्र राहिले, हे कुठल्याही श्रद्धावान लेखनिकाला पटणारं नव्हतं. तेव्हा तीन ठिकाणच्या लेखनिकांनी तीन उपाय केले. हिब्रू परंपरेने फक्त यारेद, मथुशलह आणि लामेख यांची मुलगा होतानाची वयं वाढवली: शोमरोनी आकड्यांच्या तुलनेत अनुक्रमे १००, १२० आणि १२९ वर्षांनी. यांची बेरीज ३४९; १६५६ आणि १३०७ मधला फरकही बरोबर ३४९. शोमरोनी परंपरेने वयांना हात न लावता तिघांची आयुष्यंच कापून प्रलयाच्या वर्षाशी आणून टेकवली. ग्रीक परंपरेने जवळजवळ सगळ्यांनाच सरसकट शंभर वर्षं देऊन प्रलय पुढे ढकलला, पण मथुशलहपाशी हिशेब १४ वर्षांनी चुकला. काही हस्तलिखितांत त्याचं १६७ हे वय १८७ असं मिळतं. ते धरलं की प्रलय २२६२ सालावर जातो आणि मथुशलह सहा वर्षं आधीच जातो.

हा मोठा आकडा नंतरच्या कुणा ख्रिस्ती नकलाकाराचा नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस देमेत्रियस नावाच्या यहुदी कालगणकाने आदामापासून याकोब मिसरात येईपर्यंत ३६२४ वर्षं मोजली होती. त्यातली प्रलयानंतरची वर्षं १३६०. त्याची गणना ग्रीक पाठाशी जुळते.

प्रलयानंतरही तेच. प्रलयापासून अब्राहामाच्या जन्मापर्यंत, सुरुवातीची दोन वर्षं वगळली तर, हिब्रूत २९० वर्षं, शोमरोनीत ९४० आणि ग्रीकमध्ये १०७०. हिब्रू आकडे घेतले की अब्राहाम साठीच्या जवळ पोचेपर्यंत नोहा हयात होता. नोहाचा मुलगा शेम तर अब्राहामाच्या मृत्यूनंतरही ३५ वर्षं जगला. आपल्या नवव्या पिढीच्या वंशजाला त्याने मागे टाकलं. ग्रीक पाठात हे दोघेही पूर्वज अब्राहामाच्या कितीतरी आधी गेलेले असतात. नुसत्या अब्राहामापर्यंतच जगाच्या वयात १३६६ वर्षांचा फरक पडतो.

आणि हे आकडे सांभाळले कसे, तर डोळ्यांत तेल घालून. हिब्रू पाठ जपणाऱ्या मसोरेटिक परंपरेच्या लेखनिकांनी शब्दच नव्हे, अक्षरंही मोजली. त्यांच्या परंपरेत तोरातल्या अक्षरांची संख्या ३,०४,८०५ आहे आणि गुंडाळीत एक अक्षर चुकलं तरी ती वाचनाला चालत नाही. तिन्ही परंपरांनी आपापले आकडे प्राणपणाने जपले, म्हणून तर फरक आजही जसाच्या तसा दिसतो. मराठी वाचकाच्या हातातलं बायबल हिब्रू पाठाचे आकडे सांगतं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं मराठी भाषांतरही त्याच परंपरेतलं.

हिब्रू आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली असावी. अब्राहामाचा जन्म १९४६, त्यानंतर २९० वर्षांनी याकोब मिसरात आणि ४३० वर्षांनी मिसरातून सुटका: २६६६. म्हणजे ४००० चे दोन तृतीयांश. पुढे ४८० वर्षांनी शलमोनाच्या मंदिराचा पाया, आणखी ४३० वर्षांनी त्याचा नाश, ५० वर्षांचा बाबिलोनमधला बंदिवास. तिथून ४००० वं वर्ष मोजलं तर ते इ.स.पू. १६४ च्या आसपास येतं, म्हणजे मक्काबी या यहुदी बंडखोरांनी यरुशलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केलं तो काळ. त्या सुमारास कुणीतरी आकडे शेवटचे जुळवून घेतले, असं काही अभ्यासक मानतात. योगायोग म्हणून हे झटकून टाकणं मला तरी कठीण वाटतं.

शेजारच्या मेसोपोटेमियात तर आकड्यांना धरबंधच नव्हता. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात असलेल्या सुमेरी राजावलीत प्रलयापूर्वीचे आठ राजे मिळून २,४१,२०० वर्षं राज्य करतात. बाबिलोनचा इतिहासकार बेरोसस याने दहा राजांची ४,३२,००० वर्षं दिली आहेत. पंचांग पाहणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल; कलियुगाची वर्षंही तितकीच.

या वेगवेगळ्या आकड्यांवर पुढे वेगवेगळे सन उभे राहिले. यहुदी गणनेत सृष्टी इ.स.पू. ३७६१ ची. रायगडच्या बेने इस्रायलींसह जगभरच्या यहुद्यांचं ५७८६ वं वर्ष २०२५ च्या सप्टेंबरात लागलं. आर्मा इथले आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये हिब्रू पाठावरूनच इ.स.पू. ४००४ हे साल काढलं. पाठ एकच असूनही २४३ वर्षांची तफावत पडली. तिच्यातला मोठा वाटा पर्शियन राजवटीचा आहे: यहुद्यांच्या ‘सेदेर ओलाम’ या ग्रंथात दोनशेहून जास्त वर्षांची ती राजवट ५२ वर्षांत आटोपते. ग्रीक आकडे मानणाऱ्या बायझंटाइन साम्राज्याने सृष्टी इ.स.पू. ५५०९ ची ठरवली. १७३८ मध्ये आल्फाँस दे व्हिन्योल यांनी लिहिलं, की सृष्टी ते ख्रिस्त या काळाचे दोनशेवर हिशेब त्यांनी जमवले होते. त्यांत सर्वांत लहान ३४८३ वर्षांचा आणि सर्वांत मोठा ६९८४ वर्षांचा.

बायझंटाइन सन रशियाने घेतला आणि तिथे तो माणसांच्या काळजाला भिडला. सात हजार वर्षं पुरी झाली की जग संपणार, असं अनेकांनी धरलं होतं. ते ७००० वं वर्ष इ.स. १४९२ मध्ये सरलं. ईस्टरच्या तारखांचे तक्तेसुद्धा तिथेच थांबवलेले होते. पुढचं मांडायची गरज कुणाला वाटली नव्हती. वर्ष उलटलं, जग तसंच राहिलं, आणि मॉस्कोचे धर्मप्रमुख झोसिमा यांना घाईने पुढच्या २० वर्षांचे तक्ते मांडावे लागले. मग नोव्हगोरोदचे आर्चबिशप गेन्नादी यांनी ७० वर्षांचे केले. हा सन रशियात आणखी दोन शतकं चालला. शेवटी पीटर द ग्रेटच्या हुकमाने ७२०८ सालच्या ३१ डिसेंबरनंतरचा दिवस १ जानेवारी १७०० म्हणून मोजला गेला.