विज्ञानशिक्षण, महाविद्यालयीन
महाविद्यालयीन पातळीवर विज्ञानविषयांचे अध्यापन व अध्ययन प्रत्यक्षात कसे घडते, याचा पद्धतशीर अभ्यास करणारे संशोधनक्षेत्र. शिक्षकाच्या वैयक्तिक अनुभवावर विसंबून न राहता मुलाखती, प्रमाणित चाचण्या व तुलनात्मक प्रयोग यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांच्या आकलनाचे मापन करणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. या क्षेत्राचा पाया मुख्यत्वे भौतिकीच्या अध्यापनावरील संशोधनाने घातला.

पूर्वकल्पना : विद्यार्थी कोऱ्या मनाने वर्गात येत नाहीत, दैनंदिन अनुभवातून बनलेल्या कल्पना ते बरोबर आणतात. गती कायम राहण्यासाठी प्रेरणा (बल) सतत लागते, ही अशीच एक कल्पना होय. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅक्डरमॉट व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन अशा अडचणींचा शोध घेतला. दोन गोलकांपैकी एक दुसऱ्यास ज्या क्षणी मागे टाकतो, त्या क्षणी दोहोंचा वेग समान असतो, असे अनेक विद्यार्थी मानत. म्हणजे स्थान व वेग या संकल्पनांत ते गल्लत करीत. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील इब्राहिम हॅलून व डेव्हिड हेस्टिनिस यांनी १९८५ मध्ये यामिकीच्या मूलभूत संकल्पनांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रूढ अध्यापनाने या समजुती फारशा बदलत नाहीत आणि शिक्षक कोण आहे यावरही ते विशेष अवलंबून नसते, असे त्यांना आढळले.

हार्व्हर्ड विद्यापीठातील एरिक मेझर यांनी १९९० मध्ये हीच चाचणी आपल्या वर्गास दिली. तेव्हा उत्तरे शिकविल्याप्रमाणे लिहावयाची की स्वतःस वाटते त्याप्रमाणे, असे एका विद्यार्थिनीने विचारले. सूत्रे वापरून गणिते सोडविता येणे म्हणजे आकलन नव्हे, हे या प्रश्नाने उघड झाले. परीक्षेतील गुणांवरून ही उणीव सहसा ध्यानात येत नाही.

सक्रिय अध्ययन : मेझर यांनी १९९१ पासून सहाध्यायी अध्यापनाची पद्धती विकसित केली. तीत अल्पकालीन विवेचनानंतर संकल्पनेवर एक प्रश्न विचारला जातो. प्रत्येक विद्यार्थी प्रथम स्वतंत्रपणे उत्तर ठरवितो, नंतर शेजाऱ्याशी चर्चा करतो आणि पुन्हा उत्तर देतो. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सु. ६,५०० विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे विश्लेषण केले. आरंभीच्या गुणांनंतर सुधारणेस जेवढा वाव शिल्लक होता, त्यापैकी रूढ पद्धतीच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के, तर विद्यार्थ्यांचा सहभाग असलेल्या वर्गांनी ४८ टक्के सुधारणा साधली. स्कॉट फ्रीमन व सहकारी यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण व्याख्यानपद्धतीत ३३·८ टक्के, तर सक्रिय अध्ययनात २१·८ टक्के आढळले.

मर्यादा : विद्यार्थ्यांस केवळ बोलते करणे पुरेसे नसते, प्रश्नांची निवड व त्यांचा क्रम यांवर फलित अवलंबून असते. शिवाय शिकल्याची भावना व प्रत्यक्ष शिकणे यांत अंतर असते. हार्व्हर्डमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सक्रिय वर्गातील विद्यार्थी अधिक शिकले. तथापि आपण कमी शिकलो, असे त्यांस वाटले. ओघवत्या व्याख्यानाने विषय समजल्याचा भास होतो, तर स्वतः विचार करताना होणारे कष्ट अपयशासारखे भासतात. त्यामुळे केवळ विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावरून अध्यापनाचे मूल्यमापन करणे दिशाभूल करणारे ठरू शकते.

भारतात विज्ञानशिक्षणातील संशोधनासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत मुंबई येथे १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. शालेय शिक्षणापासून कार्यास आरंभ केलेल्या या केंद्राने पुढे पदवीपूर्व विज्ञानशिक्षणाकडेही लक्ष पुरविले. सहाध्यायी अध्यापनास महागडी साधने लागत नाहीत. उत्तर दर्शविण्यास पुठ्ठ्याची अक्षरपत्रेही पुरतात. त्यामुळे मोठ्या वर्गांतही तिचा अवलंब करणे शक्य होते.